जर्मनचा टोप

कवडी खुडूक बसली
ती नेमकी जर्मनच्या मोठ्या टोपात.
मोरीमागे, पडवळाच्या मांडवाखाली
उपडा घालायचा राहून गेला होता तो;
आत नारळाची शेंडी, उर्वीची जुनी ओढणी.
तिला आणखी काय हवं.
तेरा अंडी. मोजायला हात घातला
तर मनगटाशी टोचलीच.

आमचं घर गोठिवलीत, गल्लीच्या टोकाला,
पावणेदोन गुंठे, त्यातलं अर्धं अंगण.
तीन बाजूंनी चार-चार मजले चढले,
ऊन साडेदहाला येतं, तीनला जातं.
तेवढ्यात बसवते मी सगळं:
माठ, मुळा, कढीपत्ता, शेवगा एक,
आणि शेजारच्या एसीच्या ठिबकत्या पाण्यावर
पोसलेलं अळू, हत्तीच्या कानाएवढं.

शिमगा झाल्यावर दिरांचा फोन, उलव्याहून.
रविवारी येतो वहिनी, गावठी कोंबडा कर,
मुलांनाही आणतो.
आणि फोन ठेवता ठेवता:
बिल्डरचा माणूसही असेल सोबत,
चार ठिकाणी सह्या, पाच मिनिटांचं काम.

ह्यांना सांगितलं.
हे शिराळ्याला आधार देत होते.
एकच काठी तीनदा उपटली, तीनदा रोवली.

कोंबडा होता.
उर्वीनं त्याचं नाव साहेब ठेवलेलं, तरी होता.
खोबरं, कांदा भाजून वाटणही तयार.
पण दहा माणसांचा रस्सा कुकरात कसा व्हायचा?
बेबीबाईंनी त्यांचा टोप देऊ केला होता,
ते मी बोलले नाही कुणाजवळ.

मग रात्रभर वाल भिजवले, सोलायला उर्वी बसली,
बोटं सुरकुतली तिची.
बिरडं, सुकट घालून शेवग्याच्या शेंगा,
तांदळाच्या भाकऱ्या, चोवीस.
सव्विसाव्या वेळी हात भाजला;
मधल्या दोन उर्वीनं तव्यावरून उतरता उतरता खाल्ल्या.

दिरांनी ताटात पाहिलं, मग माझ्याकडे.
"आन कोंबरा?"
"टोप नाय," हे म्हणाले.
"कनं गेला बापाचा टोप?"
"कोंबरी बसलीय त्यान."

दीर उठले, हात न धुताच मोरीमागे गेले,
उकिडवे बसले मांडवाखाली.
टोपाच्या काठाला टिंबाटिंबांनी कोरलंय:
हि. प. मढवी, १९८४.
जमिनीच्या पहिल्या पैशातून घेतलेली
घरातली ती एकच वस्तू, बाकीचे कुठे गेले
ते मामंजींनाही सांगता येत नसे.
कवडीनं मान फुगवली. दिरांनी हात मागे घेतला.

बिल्डरच्या माणसानं कोकम सरबत दोनदा मागून घेतलं.
अंडी विकता का, विचारलं.
फायलीची गाठ सोडली.

"पिलां निंगू दे," हे म्हणाले. "मंग बगू."
"कोंबरीच्या भरवशावर ऱ्हायाचा का रं?"
"येकवीस दिस."
त्या रविवारी ह्यांचं बोलणं एवढंच.
दीर हसले, मग हसायचे थांबले.
बोटांवर काहीतरी मोजलं.
जाताना अळूची जुडी मी दिली ती घेतली,
फाईल तिचा ओला देठ लागू नये म्हणून
दुसऱ्या काखेत.

अकरा निघाली.
एक अंडं गार राहिलं, ते शेवग्याच्या मुळाशी पुरलं;
एक पिल्लू दुसऱ्याच दिवशी कावळ्यानं नेलं.
टोप राखेनं घासला, लिंबाच्या सालींनी घासला,
तरी नाक जवळ नेलं की पिसांचा वास.
ह्यांनी पुसला. पुसताना त्या टिंबांवर
अंगठा जरा जास्त वेळ राहिला.

संध्याकाळी फोन. दिरांचाच.
"किती निघाली?"
मी सांगितलं. कावळ्याचंही सांगितलं.
बराच वेळ नुसता रस्त्याचा आवाज.
"बरं. येतो रविवारी."
कशाला, ते म्हणाले नाहीत.
कोंबडा कर, असंही म्हणाले नाहीत.

उद्या रविवार.
टोप उपडा घातलाय, वर साहेब उभा,
अंगणाचा मालक असल्यासारखा.
आणि ती दुसरी, काळी,
सकाळपासून टोपाभोवती फिरतेय,
कण्हत, पंख सैल सोडून.

भाकरीचं पीठ मळता मळता उठले.
साहेबाला हाकललं.
टोप उताणा केला,
आणि ओढणी शोधू लागले.